सबमिटचं बटण मी सोडलंय

प्रिय ताई,

परवा भाकरी थापता थापता तू मध्येच उजवं मनगट दाबत थांबलीस, ते डोळ्यांपुढून जात नाही. चाकणला तुमच्या डिस्पॅचमध्ये गाडी गेटवर उभी, आणि तू एकेक चलन उघड, खूण कर, छापायला टाक, बंद कर. चार क्लिक, दिवसाला 80 चलनं.

म्हणून ही शेल स्क्रिप्ट लिहिलीय. एक्सडूटूल नावाचं छोटं साधन उबुंटूवर माउसचा बाण हव्या जागी नेतं आणि क्लिक करतं. बाण आत्ता कुठे आहे हे विचारलं की ते आडवा-उभा आकडा सांगतं. ते आकडे ओळीने फाइलमध्ये मांडले, मधे अर्ध्या सेकंदाचा थांबा टाकला आणि फाइल कंट्रोल-एफ9 ला जोडली. कंट्रोलवरून बोट उचलायच्या आतच स्क्रिप्ट धावायची आणि साधं क्लिक कंट्रोल-क्लिक व्हायचं. ते टाळायला एक्सडूटूलचा क्लिअरमॉडिफायर्स हा पर्याय लावला. तुमच्या मशीनवर लॉगिन करताना मात्र कोपऱ्यातल्या चाकावरून ‘उबुंटू ऑन झॉर्ग’ निवडत जा. नाहीतर वेलँड सुरू होतं आणि त्यात एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या खिडकीत असा हात घालता येत नाही.

स्क्रिप्टला डोळे नाहीत, ताई. खिडकी बोटभर सरकली तरी ती ठरल्या जागीच क्लिक करणार. म्हणून ती आधी चलनाची खिडकी शोधून ठरल्या जागी आणते. नाही सापडली तर थांबते.

ई-वे बिलाचं सबमिट मी मुद्दाम सोडलंय. गाडी नंबर चुकला तर ड्रायव्हर रस्त्यात अडकतो. तो नंबर तू वाचायचास आणि तूच दाबायचं.

आप्पा भोसरीला पॉवर प्रेसवर होते, आठवतं? दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली यायची नाही. हात डायमध्ये राहू नये म्हणूनच ती सोय. शेजारच्या मशीनवर माल जास्त निघावा म्हणून एक बटण कायमचं बांधून टाकलं होतं. त्या मशीनवरच्या पोराचा हात फडक्यात गुंडाळून आप्पांनीच त्याला रिक्षात बसवलं. त्या रात्री ते जेवले नाहीत.

तुमच्या साहेबांची परवानगी घेऊन ठेव. सबमिटही बसवून दे म्हणाले, तर मला फोन लाव, मी बोलतो त्यांच्याशी. गुरुवारी आमची कंपनी बंद असते, संध्याकाळी मोशीला येतो. भाकरी मी थापीन.

तुझा,
धाकटा