बीपी नॉर्मल आलाय, मग गोळी कशाला?

आमच्याकडे, जुन्नर-आंबेगावात, बीपी हा मनस्तापाचा आजार समजतात. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा क्रेट कवडीमोल गेला की ‘बीपी वाढला’, पोरगं उलटून बोललं की ‘बीपी वाढला’. दोष थोडा नावाचाही आहे. हायपरटेन्शनमधलं टेन्शन मनातलं नव्हे, रक्तवाहिन्यांमधलं. निवांत, गप्पिष्ट माणसालाही तो असतो. माझ्या वडिलांना, दादांना, आहे.

पहिल्यांदा १६८/१०४ आला तेव्हा त्यांना काहीच होत नव्हतं. ना डोकेदुखी, ना चक्कर. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा मोजून खात्री केली आणि अ‍ॅम्लोडिपिन सुरू केली. दोन महिन्यांत आकडा १२८/८० वर आला आणि दादांनी गोळी बंद केली.

“नॉर्मल आलाय ना? मग कशाला?”

प्रश्न अडाणी नाही. ताप उतरला की तापाची गोळी आपण थांबवतोच. पण माझ्या चुलत्यांनी अशीच गोळी सोडली होती, आणि लकवा झाल्यापासून त्यांना शर्टाचं बटण दुसरं कुणीतरी लावून देतं.

“दादा, टाकीला भोक आहे. मोटार चालू आहे म्हणून ती भरलेली दिसतीय. भरली म्हणून मोटार बंद केली तर?”

“लाईट गेली समजायचं,” दादा म्हणाले.

उपमा वाया गेली. मग मशीन आणलं. मोटार चालू करून धापा टाकत आल्या आल्या मोजायचं नसतं. चहा-तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ द्यायचा, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. गप्प बसणंच दादांना जड गेलं. १६२/१००. दादा काही बोलले नाहीत. संध्याकाळी गोळीचं पाकीट डेअरीच्या कार्डाशेजारी दिसलं.

मीठ हे आईचं खातं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. आईने भाकरीच्या पिठातलं मीठ बंद केलं, कुणाला कळलंही नाही. सुकटीवर मात्र तह झालेला नाही.

गोळी सुटणं ही काही आमच्या एकट्या घराची गोष्ट नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात सुरुवातीच्या जिल्ह्यांत शेजारचा सातारा होता. त्यातही भर आहे तो गोळी घराजवळ मिळत राहण्यावर आणि यायचा थांबलेला रुग्ण शोधण्यावर.

परवा १३०/८२ आला. दादांनी वहीत लिहिला आणि विचारलं, “आता अर्धी केली तर?”

“सोमवारी डॉक्टरांना विचारू,” मी म्हटलं. “तोवर पूर्ण घ्या.”