साधारण धर्म

दिवाळीला दादा-वहिनी मुलीला घेऊन साताऱ्याला आली. आल्या दिवशीच दादाने मला बाजूला घेऊन एक कामगिरी सोपवली. माझी ही पुतणी पुण्याला भौतिकशास्त्रात एम. एस्सी. करते आणि पुढे संशोधनच करायचे म्हणते. "तुझं ऐकते ती. जरा समजाव," दादा म्हणाला. मराठीच्या प्राध्यापकाला घरात अशीच कामे मिळतात.

संध्याकाळी गच्चीवर, समोर अजिंक्यतारा असताना, मी विषय काढला. "नेमकं करणार काय तू?"

ती उत्साहाने सांगू लागली. १९१८ साली कर्टिस नावाच्या अमेरिकन ज्योतिर्विदाला एम ८७ या दीर्घिकेत एक सरळ किरण दिसला. तो प्लाझ्माचा, म्हणजे विद्युत्भारित वायूचा झोत. लांबी सुमारे ५००० प्रकाशवर्षे! नवजात ताऱ्यांतूनही असे झोत निघतात. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात बारीक तारांतून क्षणभर १० लाख अँपियरचा प्रवाह सोडून त्यांची सेंटिमीटरांत मावणारी प्रतिकृती केली आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तर टेबलावरच्या लेसरने प्लाझ्मा तयार करून, अवकाशात असते तशी चुंबकीय खळबळ त्यात पाहिली. ते २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

"म्हणजे आकाशाची भातुकली!" मी हसलो. ती हसली नाही.

तेवढ्यात खाली अंगणात माझ्या मुलाने भुईनळा लावला. सारवासारव म्हणून मी म्हणालो, "हा बघ तुझा झोत."

"नाही, काका. हा लगेच पसरतो. तो हजारो प्रकाशवर्षं बारीकच राहतो. का राहतो, हाच तर प्रश्न! चुंबकीय क्षेत्र त्याला आवळून धरतं का, ते प्रयोगात बघता येतं."

"पण एवढासा झोत कुठे आणि तो कुठे!"

"आकार कशाला जुळायला हवा? झोताचा वेग तिथल्या ध्वनीच्या वेगाच्या किती पट, भोवतालच्या वायूपेक्षा तो किती दाट, अशी गुणोत्तरं जुळायला हवीत. मुख चंद्रासारखं म्हणताना चंद्राचा व्यास मोजायचा नसतो, साधारण धर्म पाहायचा, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

शिकवले होते खरे. ती आठवीत असताना, याच गच्चीवर. वीस वर्षे मी फळ्यावर उपमेय, उपमान, साधारण धर्म मांडतो आहे. पण उपमा खरी की खोटी हे ठरवायला कुणी वर्षानुवर्षे राबेल, असे कधी मनात आले नव्हते. कवींना एवढी कडक परीक्षा नसते, हे त्यांचे नशीब.

रात्री अंथरुणे घालताना दादाने विचारले, "बोललास?"

"बोललो."

"मग?"

"मुंबईला जायची वेळ आली, तर तिच्या राहण्याची सोय काय, ते बघायला हवं."

वहिनींनी तोंड फिरवून हसू लपवले. दादा काहीच बोलला नाही. त्याने उशी दोनदा थोपटली आणि दिवा मालवला.