॥ धृ ॥

आबांची भजनाची वही सध्या माझ्याकडे आहे. दोनशे पानी, पुठ्ठा सुटलेला आणि गोणी शिवायच्या सुतळीने पुन्हा शिवलेला. आबा सातवी शिकलेले, पण अक्षर टपोरं. अभंगाची पहिली ओळ ते पूर्ण लिहायचे. पुढे प्रत्येक कडव्याच्या शेवटी मात्र एकच अक्षर, दोन्ही बाजूंना दंड : ॥ धृ ॥.

लहानपणी मला वाटायचं, आबांना लिहायचा कंटाळा येतो. पुढे इंजिनीअर झालो आणि वाटलं, अरे, हे तर फंक्शन आहे! एकदाच लिहायचं, नंतर हवं तिथे नुसतं नाव घेऊन बोलवायचं. आमच्या धंद्यात याला 'डीआरवाय' म्हणतात, 'डोन्ट रिपीट युवरसेल्फ'. अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांच्या १९९९ सालच्या 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रामर' या पुस्तकातलं हे तत्त्व. तेव्हापासून प्रत्येक सीनियर ते प्रत्येक ज्युनियरच्या डोक्यात मारतो. मीही मारतो. त्याच चार ओळी दोन ठिकाणी दिसल्या की माझी कमेंट ठरलेली असते : हे परत का लिहिलंय?

तर 'धृ' म्हणजे फंक्शन, असं मी बरीच वर्षं समजत होतो. ते चूक आहे, हे कळायला मला आधी फ्रान्सला जावं लागलं (म्हणजे मनानेच, व्हिसा काही लागला नाही) आणि मग कोपरखैरण्याला परत यावं लागलं.

*

आबा माथाडी. मूळ गाव पाटण तालुक्यात. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये त्यांनी तीस वर्षं पाठीवरून गोण्या वाहिल्या. १९८०च्या दशकापासून मुंबईतला घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने खाडी ओलांडून इकडे आला, आणि त्याच्या मागोमाग सातारा, सांगली, पुण्याकडची ओझी वाहणारी माणसंही आली. १९६९च्या माथाडी कायद्याने त्यांना मजुरीची आणि भविष्य निर्वाह निधीची हमी दिली होती. पुढे कोपरखैरणे, घणसोलीला त्यांच्या वसाहती झाल्या. आमचं घर तिथलंच. दहा बाय दहाच्या खोलीवर पुढे माळा चढवलेला. माझा अभ्यास माळ्यावर, आबांचं भजन खाली.

एकादशीला वसाहतीतल्या देवळात मंडळ बसायचं. आबा बुवा, म्हणजे म्होरके. ते चाल घ्यायचे, कडवं म्हणायचे आणि मागचे वीस-पंचवीस टाळकरी पहिल्या ओळीवर परत यायचे. याला धृपद धरणं म्हणतात. मी दहावीपर्यंत शेवटच्या रांगेत टाळ घेऊन असायचो. एकदा आबांना विचारलं होतं, "तीच ओळ सारखी सारखी कशाला म्हणायची?"

आबा म्हणाले, "मग म्या दम कवा घ्यायचा?"

वर सांगितलं, "गोणी एकट्याला पाठीवर घेता येत न्हाई. हात द्याया दोघं लागत्यात. धृपदाचंबी तसंच हाय."

मला ते उत्तर अगदीच व्यवहारी वाटलं. काहीतरी भक्तीचं, गूढ ऐकायची अपेक्षा होती. दहावीनंतर क्लासेस सुरू झाले आणि टाळ सुटले.

*

आता फ्रान्स. आमच्या कंपनीला लिऑनचा एक क्लायंट मिळाला आणि ऑनसाइटची चर्चा सुरू झाली. मी लगेच शनिवारचा ऑनलाइन फ्रेंचचा क्लास लावला. क्रियापदं चालवून चालवून सगळे कंटाळले होते, तेव्हा एका शनिवारी बाईंनी स्क्रीनवर आठ ओळींचा एक आराखडा टाकला. म्हणाल्या, "आज व्याकरण नाही. आज रोंदो."

रोंदो म्हणजे मध्ययुगीन फ्रान्समधला एक काव्यप्रकार. 'रोंद' म्हणजे गोल. मुळात ही रिंगण करून नाचताना म्हणायची गाणी. म्होरक्याने नवी ओळ घ्यायची, नाचणाऱ्यांनी धृपद म्हणायचं. चौदाव्या-पंधराव्या शतकात बलाद, विरले आणि रोंदो हे तीन प्रकार तिथे इतके पक्के झाले की त्यांना मिळून 'फॉर्म फिक्स' म्हणतात, ठरलेले, स्थिर आकृतिबंध. हे ऐकलं आणि माझी पेन्सिल थांबली. ध्रुव म्हणजेही स्थिर. धृपद म्हणजे मुळात ध्रुवपद. शुद्धलेखनाप्रमाणे खूण 'ध्रु' हवी. गाथेत ती तशीच छापतात, आबांच्या वहीत तिचा 'धृ' झालाय, एवढंच.

सगळ्यात साधा रोंदो आठ ओळींचा असतो. पहिल्या दोन ओळी म्हणजे धृपद. तिसरी ओळ नवी. चौथी म्हणजे पुन्हा पहिलीच. पाचवी, सहावी नव्या. सातवी-आठवी म्हणजे परत पहिली आणि दुसरी. हिशोब करा : आठ ओळींपैकी पाच धृपदाच्या, नव्या फक्त तीन. कोड रिव्ह्यूला आला असता तर मी तो परत पाठवला असता.

पण बाईंनी एक रोंदो मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा गंमत कळली. चौथ्या ठिकाणी आलेली पहिली ओळ आता पहिली ओळ राहिलेली नसते. मधे एक नवी ओळ येऊन गेलेली असते, त्यामुळे तेच शब्द वेगळे ऐकू येतात. सातव्या ठिकाणी आणखी वेगळे. शब्दांना कुणी हात लावलेला नसतो, ऐकणारा बदललेला असतो.

या प्रकारातला मोठा माणूस म्हणजे गियोम द माशो. जन्म साधारण १३००चा, मृत्यू १३७७. रॅन्सच्या कॅथेड्रलशी जोडलेला, कवीही आणि संगीतकारही. त्याच्या एका रोंदोत एक आवाज दुसऱ्या आवाजाची चाल शेवटाकडून सुरुवातीकडे उलटी गातो. आणि आपल्याकडे परंपरेने नामदेवांचा काळ मानतात १२७० ते १३५०. म्हणजे तिकडे रॅन्समध्ये हा माणूस धृपदं बांधत होता, साधारण त्याच काळात चंद्रभागेच्या वाळवंटात टाळकरी धृपद धरत होते. एकमेकांचं नावही माहीत असायचं कारण नव्हतं. पण गाणाऱ्याला दम तिकडेही लागत असणार.

क्लास संपता संपता बाई म्हणाल्या, "हस्तलिखितांत लेखनिक पूर्ण धृपद पुन्हा पुन्हा लिहीत नसत. पहिले एक-दोन शब्द लिहायचे आणि सोडून द्यायचे." मी म्हणालो, "आमच्या घरी अशी एक वही आहे." बाई हसल्या. त्यांना वाटलं, मी विनोद केला.

त्याच रात्री वही खाली घेतली. आबा खुर्चीत बसून बघत होते. म्हणाले, "काय रं, आज कशी आठवण झाली?" मी फोनकडे बघत म्हणालो, "असंच." फ्रान्सची गोष्ट सांगायला हवी होती. म्हटलं, सांगू कधीतरी.

*

दोन श्रावणांपूर्वी आबांना पॅरालिसिसचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. समोरच्याचं बरंचसं समजायचं, पण शब्द सापडायचा नाही. आईला हाक मारायला तोंड उघडायचे आणि नुसता हुंकार यायचा. मग डोळे मिटून घ्यायचे.

आमच्या घराचंही एक धृपद होतं, हे मला त्या महिन्यात कळलं. मी ऐरोलीहून ऑफिस सुटल्यावर ट्रेनने कोपरखैरण्याला उतरायचो आणि नऊ-साडेनऊला दारात चप्पल काढायचो. खुर्चीतून आवाज यायचा : "आलास व्हय?" रोज. दिसतोय की आलेला, यात विचारण्यासारखं काय आहे, असं मला वाटायचं. कानात इअरफोन असायचे. मी मान हलवून माळ्यावर जायचो. सहा वर्षांच्या नोकरीत त्या प्रश्नाला मी तोंडाने उत्तर दिल्याचं आठवत नाही.

झटका आल्यावर त्या दारात चप्पल काढताना काही ऐकू येईना. तेव्हा ती ओळ मला पहिल्यांदा नीट ऐकू आली.

आबांच्या तोंडून पहिला स्पष्ट शब्द आला तो हॉस्पिटलमध्ये, सुई टोचल्यावर. अस्सल मार्केटमधली शिवी होती, इथे लिहीत नाही. आई लाजली आणि मग रडता रडता हसली. नंतर वाचताना कळलं, यात नवल नाही. १८६१ साली पॅरिसजवळच्या बिसेत्र इस्पितळात पॉल ब्रोका या डॉक्टरने लबोर्न्य नावाच्या रुग्णाबद्दल लिहून ठेवलंय. त्याला 'टॅन' एवढंच म्हणता यायचं, बहुतेक वेळा दोनदा. आणि फार चिडला की एक शिवी. मृत्यूनंतर त्याचा मेंदू तपासला, तर इजा डाव्या बाजूला, पुढच्या भागात होती. विचार करून जुळवलेलं वाक्य एका वाटेने येतं. शिवी, एक-दोन-तीन, पाठ असलेली प्रार्थना, गाणं यांची वाट मात्र पुष्कळदा शाबूत राहते.

वाशीच्या स्पीच थेरपिस्ट मॅडमनी विचारलं, "हे गायचे का?" आईने सांगितलं, बुवा होते. मॅडम म्हणाल्या, "मग गाऊनच बघू." या पद्धतीला मेलडिक इंटोनेशन थेरपी म्हणतात. बॉस्टनच्या अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी ती १९७३ साली मांडली. रोजच्या वापरातलं छोटं वाक्य घ्यायचं, ते सुरात, संथ म्हणायचं आणि प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हाताने ठेका द्यायचा. आधी थेरपिस्टने म्हणायचं, मग दोघांनी मिळून, मग हळूहळू थेरपिस्टने मागे सरायचं.

मॅडमनी 'राम कृष्ण हरी' सुरात लावलं. तिसऱ्या वेळी आबांनी 'हरी' जोडलं. पाचव्या वेळी पूर्ण म्हणाले. उच्चार जड होता, पण सूर पक्का होता.

मग मॅडम माझ्याकडे वळल्या. "घरात ते रोज बोलायचे असं एखादं वाक्य सांगा. सरावाला तेच घेऊ."

मला एकच आठवलं.

*

घरी मी वही काढली. आबांना कडवी येत नाहीत. कडव्यांत दर वेळी नवे शब्द असतात, तिथे ते अडकतात. म्हणून कडवी मी वाचून म्हणतो. माझा आवाज बुवाचा नाही, चालही कधीकधी चुकते आणि आबा भुवया उंचावून तसं कळवतात. पण कडव्याच्या शेवटी ॥ धृ ॥ आलं की मी गप्प होतो. वहीत पुढे जागा रिकामी असते. एक क्षण काहीच होत नाही. मग आबा ती ओळ उचलतात, अख्खी, आणि तेवढ्यात मी दम घेतो.

फंक्शनबद्दल मी कुठे चुकलो, ते तिथे कळलं. फंक्शनला नावाने बोलावलं की ते चालतं, मागे कुणी असो वा नसो. आबांच्या वहीत ती ओळ परत लिहिलेली नाही, कारण ती म्हणायला माणसं बसलेली असणार हे त्यांनी धरूनच चाललं होतं. गाथेतही 'ध्रु' खूण असलेल्या कडव्याला आकडा नसतो. एक, मग ध्रु, मग दोन. ते मोजणीत नाही, कारण ते बुवाचं एकट्याचं नाही. तुकोबांच्या मागे चौदा टाळकरी होते, असं परंपरा सांगते. त्यातले संताजी जगनाडे अभंग लिहून घ्यायचे. म्हणजे धृपद धरणारा माणूसच वहीसुद्धा सांभाळत होता.

टाळाची एक अडचण होती. टाळ वाजवायला दोन हात लागतात आणि आबांचा उजवा उठत नाही. शेवटी त्यांनीच तोड काढली. जोडीतला एक टाळ डाव्या हातात घेतला आणि दुसरा, दोरीसकट, माझ्या हातात दिला. मधली दोरी आखूड आहे, त्यामुळे मला त्यांच्या खुर्चीला चिकटून बसावं लागतं. पहिल्या आठवड्यात निम्मे ठोके माझ्या बोटांवर बसले.

ऑनसाइटला टीममधला दुसरा मुलगा गेला. शनिवारचा फ्रेंचचा क्लास मी चालू ठेवलाय. आबांना रोंदोची गोष्ट सांगून झाली. आठातल्या पाच ओळी त्याच, हे ऐकून त्यांनी पसंतीची मान हलवली, जणू फ्रेंच लोकांनाही शेवटी अक्कल आली.

गेल्या मंगळवारी रिलीज होता, घरी यायला साडेअकरा झाले. लाइट बंद होते. मी दारात अंधारातच चप्पल काढत होतो आणि खुर्चीच्या हातावर बोटांचा ठेका ऐकू आला. संथ, एकेक अक्षराला एकेक.

"आ... लास... व्हय?"

मी इअरफोन काढले.

"आलो, आबा."

त्यांनी पुन्हा ठेका धरला.