तीन टोकांचे इंजिन

गतवर्षी आमच्या जुन्या स्कूटरने धूर ओकण्यास आरंभ केला, तेव्हा ती उघडण्याचे काम धर्मग्रामातील एका मुलाकडे गेले. दहावीत दोनदा नापास झालेला. हात मात्र विलक्षण. पिस्टनच्या झिजलेल्या रिंगा आमच्या तळहातावर ठेवून तो म्हणाला, "फादर, सगळा दोष एवढ्याशा वस्तूचा." सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, रिंगा नव्हे. परंतु त्या क्षणी आम्हांस फेलिक्स वांकेल आठवले, आणि तेथेच स्टुलावर बसून आम्ही त्याला त्यांची कथा सांगू लागलो.

वांकेल १९०२ साली जर्मनीतील लार गावी जन्मले. वडील पहिल्या महायुद्धात गेले. विद्यापीठ परवडले नाही. हायडेलबर्गमध्ये पुस्तकांच्या व्यवसायात उमेदवारी, आणि उरलेला वेळ यंत्रांना. दृष्टी इतकी अधू, की मोटार चालवण्याचा परवाना त्यांच्यापाशी कधीच नव्हता! फिरत्या इंजिनाचे पहिले पेटंट १९२९ सालचे. आज ओळखले जाते ते रूप १९५४ साली गवसले. कमरेशी किंचित आवळलेल्या लंबगोल पेटीत फुगीर बाजूंचा त्रिकोण घुमतो. तिन्ही टोके भिंतीला सतत लगटून असतात, त्यामुळे तीन कप्पे होतात. प्रत्येक कप्पा हवा व इंधन ओढतो, दाबतो, जाळतो आणि धूर बाहेर टाकतो. वर-खाली धावणारा पिस्टन नाही, झडपा नाहीत.

१९५७ साली एन.एस.यू. कंपनीत पहिले इंजिन चालले. त्यात बाहेरची पेटीही फिरे. प्लग बदलायचा तर इंजिनच उघडावे लागे. तेथील अभियंते हान्स डीटर पाश्के यांनी पेटी स्थिर केली. वांकेल यांस ते रुचले नाही. (आमच्या प्रवचनांत सुचवलेल्या दुरुस्त्या आम्हांसही कुठे रुचतात?)

खरी अडचण त्या तीन टोकांची. रिंग सभोवार टेकते. येथे टोकावरची पट्टी केवळ एका रेषेत टेकते. वायू निसटला की शक्ती गेली, पट्टी थरथरली की भिंतीवर ओरखडे उमटले. जपानच्या माझ्दा कंपनीतील अभियंते त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. १९६७ सालच्या एन.एस.यू. रो-८० मोटारीची नामुष्की या पट्ट्यांनीच केली. माझ्दाचे केनिची यामामोतो व त्यांचे सहकारी पट्ट्यांचे साहित्य बदलत चिकाटीने झगडले. १९९१ साली ल मां येथील चोवीस तासांची शर्यत त्याच जातीच्या इंजिनाने जिंकली.

मुलाचे डोळे चमकले. आम्ही मात्र अडखळलो. वांकेल तरुणपणीच नाझी पक्षात गेले होते. पक्षांतर्गत वैरातून १९३३ साली काही महिने तुरुंगात पडले, तरी पुढे युद्धकाळात त्याच राजवटीच्या विमानखात्यासाठी राबले. १९४० मध्ये एस.एस.मध्येही दाखल झाले, १९४२ मध्ये तेथून काढले गेले. उमेदीच्या पोराला हे सांगावे काय? लपवणे आम्हांस जमेना. सांगितले.

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "फादर, ती पट्टी ज्यांनी नीट केली, त्यांची नावे पुन्हा सांगा."

आम्ही सांगितली. त्याने नव्या रिंगा तेलात बुडवल्या आणि एकेक बसवू लागला.