अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका

कोल्हापूर म्हटलं की अंबाबाई, रंकाळा, तांबडा-पांढरा रस्सा आणि खासबागेतली कुस्ती डोळ्यांपुढे येते. याच तालमींच्या गावात दुधाळीला नेमबाजीची रेंज आहे, हे पाहुण्यांना सहसा कुणी सांगत नाही. कुस्तीत अंग घुसळून निघतं. इथं मात्र जो कमी हलतो तोच मोठा.

एअर रायफलच्या सरावाची सुरुवात बहुधा छर्रा न भरताच होते. अंगात जाड, ताठ जाकीट. हातात पाच किलोंच्या आसपास वजनाची रायफल. दहा मीटरवर कागदी टार्गेट. त्याचा मधला ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा! श्वास हळूच सोडायचा, रोखायचा आणि चाप अलगद दाबायचा. बोटाला झटका बसला की नेम चुकलाच.

आता मोठ्या स्पर्धांत इलेक्ट्रॉनिक टार्गेट असतात; गुण क्षणात पडद्यावर दिसतात. जुन्या पद्धतीत कप्पीवरून टार्गेट ओढून आणायचं आणि भोकं निरखायची. सगळी भोकं एका बाजूला दाटीनं पडली असतील, तर हात स्थिर आहे, साइट तेवढी जुळवायची. विखुरली असतील, तर चूक आपली. शिकणाऱ्याला एवढी उघड प्रगतिपुस्तक दुसरी नसेल.

तालमीत खुराक, तशी इथं रायफल घराची परीक्षा पाहते. स्पर्धेची रायफल परदेशातून येते आणि किंमत लाखांत जाते. तरीही दुधाळीला सराव केलेली तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली. पन्नास मीटर प्रोन प्रकारात तिनं ६०० पैकी ५९७ गुण मिळवले. त्याच वर्षी काही महिन्यांपूर्वी तिचे वडील वारले होते. कोल्हापूरच्याच राही सरनोबतनं २०१८च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलात सुवर्ण मिळवलं.

कोल्हापुरात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचं ब्राँझ जिंकलं होतं. महाराष्ट्राला पुढचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. ते २०२४ साली पॅरिसला रायफलीनं मिळवून दिलं, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं.

कोल्हापूरला गेलात, देवीचं दर्शन झालं, की दुधाळीचीही वाट विचारा. तिथं बोलणं मात्र हळू. कुणीतरी श्वास रोखून उभं असेल.