ईनेश्ट्रास, क्रमांक २२

बर्लिनला येऊन मला अकरा वर्षं झाली. त्यातली पहिली सात वर्षं मी इथल्या विद्यापीठांतल्या युरोपविषयक जाहीर व्याख्यानांना ठरवून गेले नाही. प्रवेश विनामूल्य असे, बरीच व्याख्यानं इंग्रजीत असत, वेळही संध्याकाळची. तरी मनाशी पक्कं होतं की तिथे युरोप स्वतःचीच आरती ओवाळून घेतो. फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री शूमन यांची ९ मे १९५० ची घोषणा, कोळसा आणि पोलाद यांचा समुदाय, युरोपीय आर्थिक समुदाय स्थापणारा १९५७ चा रोमचा करार, मग शांतता आणि समृद्धी. ही कथा ऐकून आपण परक्यांनी माना डोलवायच्या, एवढंच आपलं काम. हे मत मी चारचौघांत ठासून मांडत असे. माझ्यामुळे दोघा-तिघांनी तरी तिकडे जाणं टाळलं असेल. म्हणून ते मत आता माझं राहिलेलं नाही, हेही तितक्याच उघडपणे सांगायला हवं.

व्याख्यानांचं मला कधी वावडं नव्हतं. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, हे वडील इतक्या अभिमानाने सांगत की जणू ते स्वतः पहिल्या रांगेत बसले होते. आमच्या गावातल्या व्याख्यानमालेला ते माझं बोट धरून नेत. तिथे मी बोलणं ऐकायला शिकले, विचारायला मात्र शिकले नाही. वक्ता दीड तास बोले, आभारप्रदर्शन होई आणि लोक चपला शोधू लागत. जाहीर व्याख्यान म्हणजे मोठ्या माणसाने बोलायचं आणि बाकीच्यांनी ते साठवून घरी न्यायचं, हा साचा मी बर्लिनला येताना बरोबर आणला होता. युरोपवरच्या व्याख्यानांना मी तोच लावला, तोही एकदाही न जाता.

गेले ते शेजारच्या निवृत्त शिक्षिकेमुळे. त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि सोबत हवी होती. आम्ही यू-३ ने डालेमला, फ्राय विद्यापीठात गेलो. सहाला पोहोचलो तर सभागृह जवळजवळ रिकामं. पत्रिकेवर सहाच्या पुढे 'त्से टे' अशी दोन अक्षरं होती. जर्मन विद्यापीठांत त्यांचा अर्थ 'पंधरा मिनिटांनी'. सव्वासहाला सभागृह भरलं आणि एक इतिहासकार बाई बोलायला उभ्या राहिल्या.

त्यांनी सुरुवात शूमन घोषणेपासूनच केली. मी मनात म्हटलं, झालं सुरू. पण त्यांनी निवडलं ते वाक्य शांततेबद्दलचं नव्हतं. त्याच घोषणेत आफ्रिका खंडाचा विकास हे युरोपच्या मुख्य कार्यांपैकी एक म्हटलं आहे, याकडे त्यांनी बोट दाखवलं. हा 'विकास' कोणाच्या वसाहतींत आणि कोणाला विचारून, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. मग त्यांनी नकाशा लावला. रोमच्या कराराच्या २२७ व्या कलमात अल्जेरियाचं नाव आहे. ज्या समुदायाला आपण सहा देशांचा म्हणतो, त्याची हद्द तेव्हा कागदावर भूमध्य समुद्र ओलांडून सहारापर्यंत जात होती. करारावर सह्या झाल्या तेव्हा त्याच अल्जेरियात फ्रान्सविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पेटलेलं होतं.

खरं सांगते, मला आनंद झाला नाही, राग आला. सात वर्षं जो आक्षेप मी जपून ठेवला होता, तो या बाईंनी माझ्याहून पक्क्या पुराव्यानिशी, त्यांच्याच व्यासपीठावरून मांडला होता. आता मी तक्रार कशाची करणार?

बोलणं चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत संपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, बाकांवर बोटांच्या पेरांनी टकटक केली. इथल्या विद्यापीठांची ही जुनी रीत. मग जवळजवळ तेवढाच वेळ प्रश्नांना. मागच्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ उठले. "माझा जन्म १९५८ चा, अल्जेरियातल्या ओरानचा," ते म्हणाले. "तुमच्या नकाशाप्रमाणे मी युरोपीय समुदायात जन्मलो. हे मला आज कळलं. माझ्या आईला कोणी सांगितलं होतं का?" कोणी टकटक केली नाही. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "नाही सांगितलं. आणि मीही आज कलम दाखवलं, त्या कलमातली माणसं दाखवली नाहीत." त्यांनी ते लिहून घेतलं. वक्त्याने श्रोत्याचं म्हणणं कागदावर टिपून घेताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

बाहेर पडल्यावर शेजारीणबाई मला ईनेश्ट्रासवरच्या २२ क्रमांकाच्या इमारतीपाशी घेऊन गेल्या. दाराशेजारी स्मृतिफलक आहे. इथे १९२७ पासून कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था होती. ऑयगेन फिशर हे तिचे संचालक, १९३३ साली ते बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. नाझींच्या वंशधोरणाला शास्त्राचा मुलामा या वास्तूतून मिळाला. पुढे आउशवित्झच्या छळछावणीतून तिथला डॉक्टर मेंगेले याने माणसांचे अवयव पाठवले ते याच संस्थेकडे. आज त्याच इमारतीत राज्यशास्त्र शिकवतात.

फिशर हे नाव वाचून मी थबकले. आपल्या इरावतीबाई कर्वे याच फिशरांच्या विद्यार्थिनी. 'युगान्त' लिहिणाऱ्या इरावतीबाई १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला आल्या, तेव्हा त्या विशीत होत्या. प्रबंधाचा विषय मानवी कवटीची विषमता. या विषमतेचा वंशाशी संबंध आहे, अशी फिशरांची धारणा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध आढळत नाही, असा निष्कर्ष लिहिला. तोही गुण देणाऱ्या गुरूच्याच हातात द्यायच्या प्रबंधात. मला त्या माहीत होत्या द्रौपदी आणि कुंतीमुळे. त्या या रस्त्यावर वावरल्या होत्या, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

२०१४ साली संस्थेच्या या जुन्या इमारतीच्या परिसरात बांधकामासाठी खोदताना माणसांची हाडं निघाली. नंतरच्या उत्खननांत हजारो तुकडे मिळाले. ती हाडं कोणाची, हे नावानिशी सांगता येत नाही. २०२३ साली डालेमच्या दफनभूमीत त्यांचं दफन झालं.

त्या रात्रीनंतर माझ्या मतातून 'आरती' हा शब्द गेला. युरोपचा अभ्यास म्हणजे युरोपचं कौतुक, हे समीकरण माझं होतं, त्या सभागृहाचं नव्हतं. अभ्यास म्हणजे त्या बाईंनी २२७ वं कलम वाचलं तसा, इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या तसा. जाहीर अभ्यास म्हणजे ओरानच्या गृहस्थांना तिथे उभं राहता यावं इतपत दार उघडं असणं. ते दार सात वर्षं उघडंच होतं, गेले नाही ती मी.

सगळंच बदललं, असं म्हणणार नाही. श्रोत्यांत पांढरे केस आणि प्राध्यापक जास्त. रात्री सभागृह झाडणाऱ्या बायकाही परदेशांतूनच आलेल्या असतात, त्यांची पाळी नेमकी व्याख्यान संपल्यावर सुरू होते. हे मला खुपतं. पण खुपणारं आता मी घरी बसून नाही, तिथे उभं राहून बोलते.

चौथ्या खेपेला मी पहिल्यांदा हात वर केला. विषय होता दोन महायुद्धांच्या मधल्या युरोपातलं विज्ञान. मी विचारलं, "इथे शिकून गेलेल्या इरावती कर्वे यांचं नाव तुमच्या अभ्यासक्रमात आहे का?" व्याख्याते म्हणाले, "नाही. मला ते नाव ठाऊक नाही." त्यांनी खिशातून पेन काढलं आणि नाव कसं लिहायचं ते विचारलं. मी एकेक अक्षर सांगत गेले.