दोन छाटण्यांमधला काळ

अंडाशयाचा कर्करोग उलटला की ‘पहिले पाढे पंचावन्न’ असे सहज म्हटले जाते; पण ही म्हण त्या अवस्थेला कितपत लागू पडते, याविषयी शंका वाटते. पाढा विसरलेले मूल पुन्हा एकापासून सुरुवात करते, तर उलटलेला आजार आधीच्या उपचारांच्या खुणा घेऊन परततो. कार्बोप्लॅटिन या प्लॅटिनमयुक्त औषधाच्या शेवटच्या मात्रेनंतर सहा महिन्यांहून अधिक काळ गेला असेल, तर आजार प्लॅटिनम-संवेदनशील, म्हणजे त्याच औषधाला पुन्हा दाद देण्याजोगा मानण्याची रीत आहे. त्याहून कमी गेला असेल, तर प्लॅटिनम-रोधक. ही रेषा पुढे सैल झाली असली, तरी मोजणी अजूनही बरीचशी मधल्या खंडावरच चालते. शिवाय एकापासून दहापर्यंतच्या अंकांची बेरीज नेमकी पंचावन्न भरते, त्यामुळे मागचे काही पुसले न जाता सारे साचलेलेच आहे असाही म्हणीचा अर्थ लावता येईल, तो ओढूनताणून आणलेला असला तरी. कार्बोप्लॅटिनची ॲलर्जीदेखील पहिल्या खेपांपेक्षा पुढच्या खेपांत अधिक उद्भवते.

सहा महिन्यांचे हे माप पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षबागायतदाराला परके वाटणार नाही. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी असे त्याचे वर्ष विभागलेले असते, आणि खरड छाटणीनंतर फुटलेल्या काड्यांच्या डोळ्यांत सूक्ष्म घडनिर्मिती होत असल्यामुळे, पुढचे पीक बरेचसे बाहेरून काहीच दिसत नसताना ठरत जाते. म्हणून गोडी छाटणीपूर्वी डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतात. काडी कितव्या डोळ्यावर छाटायची, हे त्यावरून ठरते. आगाऊ पाहण्याला तिथे निश्चित उपयोग आहे.

रक्तातील सीए-१२५ या प्रथिनाची तपासणी हेही असेच आगाऊ पाहणे होय, कारण त्याची पातळी लक्षणांच्या कित्येक महिने आधी वाढू शकते. मात्र 2010 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, केवळ वाढलेल्या पातळीवरून लवकर उपचार सुरू केलेल्या स्त्रियांचे मध्यक आयुर्मान, म्हणजे निम्म्या जणी ज्या मुदतीपलीकडे जगल्या ती मुदत, 25.7 महिने भरले आणि लक्षणांपर्यंत थांबलेल्यांचे 27.1, हा फरक लक्षणीय ठरला नाही. मग तपासणी टाळून मिळालेले निश्चिंत महिने आयुष्याच्या खात्यावर जमा धरावेत, तर कित्येक जणींना न पाहणेच अधिक छळते. आणि बागेत डोळा तपासणाऱ्याच्या हाती निदान कात्री असते, हा भेद तरी पुरेसा आहे का, कारण डोळ्यात घडच नसेल तर तीही काय करणार?